कर्नलला मेमरी आणून देणारा केमॅलॉक रिकाम्या हाताने परतला, तर लॉगमध्ये काय लिहायचं?

‘बफरसाठी मेमरी मिळाली नाही.’

मांडवीच्या काठावरच्या एका जेटीवर आम्ही बसवलेली पेटी दर आठ-दहा दिवसांनी गप्प व्हायची आणि लॉगमध्ये एवढीच ओळ सोडून जायची. पेटीत ५१२ एमबी रॅम, वर लिनक्स, आणि पाण्याची पातळी मोजणाऱ्या सेन्सरसाठी आमच्यातल्याच कुणीतरी पूर्वी लिहिलेला ड्रायव्हर. पेटी गप्प झाली की भर जुलैच्या पावसात रायबंदरच्या धक्क्यावर जायचं, फेरीबोटीने चोडणला उतरायचं, पेटी बंद करून चालू करायची आणि ओलेचिंब परतायचं. ‘फ्री’ कमांड दिली तर शंभर एमबीहून जास्त मेमरी मोकळी दिसायची. मग मिळाली नाही म्हणजे काय? कोणाला मिळाली नाही? किती हवी होती? कशासाठी हवी होती? त्या ओळीत यातलं एकही उत्तर नव्हतं. कारण सापडायला आम्हाला तीन आठवडे लागले. ओळ नीट लिहिलेली असती तर ते एका दुपारचं काम होतं.

हा लेख त्या ओळीबद्दल आहे. कर्नलमध्ये, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या ड्रायव्हरमध्ये, मेमरीची मागणी फसली तर डीबगिंगसाठी काय छापायचं, कुठे छापायचं, कुठे मुळीच छापायचं नाही, आणि छापलेलं खरोखर चालतं का हे कसं तपासायचं. तुम्हाला सी येतं आणि एखादं ‘नमस्कार’ म्हणणारं कर्नल मॉड्यूल तुम्ही बांधून बघितलं आहे, एवढं मी गृहीत धरते. फंक्शन आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन लिपीत येतील.

पायरी १: आधी मोडायला एक वेगळं यंत्र

हे प्रयोग स्वतःच्या लॅपटॉपच्या कर्नलवर करू नका. आपण मुद्दाम मेमरी नाकारायला लावणार आहोत, आणि ती नेमकी फाइल सिस्टीमलाही नाकारली जाऊ शकते. क्यूईएमयूमध्ये ५१२ एमबीचं आभासी यंत्र उभं करा आणि त्याचा सीरियल कन्सोल आपल्या टर्मिनलवर घ्या, म्हणजे यंत्र कोसळलं तरी शेवटच्या ओळी हातात राहतात.

कर्नल बांधताना ‘मेक मेन्यूकॉन्फिग’च्या ‘कर्नल हॅकिंग’ विभागातले हे पर्याय चालू करा: डीबग एफएस (कर्नलच्या आतल्या गोष्टी फाइलींतून वाचण्या-बदलण्याची जागा), डायनॅमिक डीबग, फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम अपयश घडवण्याची सोय), त्याच्याखालचे फेलस्लॅब आणि फेल पेज अ‍ॅलॉक, फॉल्ट इंजेक्शनचं डीबग एफएसमधलं दार, आणि केमेमलीक, म्हणजे मोकळी करायची राहून गेलेली मेमरी शोधणारा. यातला एखादा राहिला तर पुढे ‘ती फाइलच सापडत नाही’ म्हणून अडाल आणि कर्नल पुन्हा बांधावा लागेल. पावसाळ्यात आमच्या फोंड्याला दुपारची वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून बांधणी मी रात्री लावून ठेवते.

पायरी २: कर्नल स्वतःहून काय सांगतो ते वाचा

नवखे हीच पायरी गाळतात आणि खरा खजिना इथेच आहे. पेज अ‍ॅलोकेटरला, म्हणजे पानापानाने मेमरी वाटणाऱ्याला, मागणी पुरवता आली नाही, की कर्नल स्वतःच सविस्तर अहवाल छापतो. हे काम ‘वॉर्न_अ‍ॅलॉक’ हे फंक्शन करतं. पहिली ओळ साधारण अशी असते:

सेन्सरडी: पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर: ऑर्डर:६, मोड:…(जीएफपी_कर्नल|__जीएफपी_कॉम्प)

सुरुवातीला त्या क्षणी चालू असलेल्या प्रोसेसचं नाव येतं. ऑर्डर म्हणजे सलग किती पानं मागितली ते, दोनच्या घातात. ऑर्डर ० म्हणजे एक पान, ४ केबी. ऑर्डर ३ म्हणजे ८ पानं, ३२ केबी. ऑर्डर ६ म्हणजे ६४ पानं, २५६ केबी, आणि तीही एकमेकांना चिकटलेली. मोड म्हणजे मागणी कोणत्या अटीवर केली ते. जीएफपी_कर्नल असेल तर मागणारा थांबायला, झोपायला तयार आहे, आणि तेवढ्या वेळात कर्नल इतरांकडून पानं सोडवून घेऊ शकतो. जीएफपी_अ‍ॅटॉमिक असेल तर मागणारा इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक धरून उभा आहे. त्याला थांबता येत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला एका पानाचाही नकार येऊ शकतो.

त्याखाली कॉल ट्रेस येतो: कोणी कोणाला बोलावत इथवर पोचलं. तो खालून वर वाचत या आणि स्वतःच्या ड्रायव्हरचं नाव शोधा. त्यानंतर ‘मेम-इन्फो’ आणि प्रत्येक झोनची, म्हणजे मेमरीच्या विभागाची, स्थिती. तिथे ‘फ्री’, ‘मिन’, ‘लो’, ‘हाय’ हे आकडे असतात. मोकळी मेमरी ‘लो’च्या खाली गेली की पानं सोडवून घेणारा केस्वॅपडी जागा होतो, आणि ‘मिन’च्या खालचा साठा साध्या मागण्यांना मिळत नाही, तो अडीअडचणीसाठी राखलेला असतो.

मात्र आमचं उत्तर ज्या ओळीत लपलं होतं ती याच्याही खाली असते. समजायला सोपं जावं म्हणून मी आकडे थोडे सुटसुटीत केले आहेत:

नॉर्मल: ४१२०*४केबी ३९०५*८केबी २६११*१६केबी ७०४*३२केबी ९*६४केबी २*१२८केबी ०*२५६केबी ०*५१२केबी … = ११२८५६केबी

बेरीज बघा: ११२८५६ केबी, म्हणजे जवळपास ११० एमबी मोकळी. आणि २५६ केबीचा सलग तुकडा एकही नाही.

चोडणच्या फेरीबोटीवर हे रोज दिसतं. बोट अर्धी रिकामी असते, पण स्कूटरवाले मिळेल तिथे एकेक लावून मोकळे होतात. मग काठावर एक मोटार येते. बोटीवरची रिकामी जागा जोडली तर तीन मोटारी सहज मावतील, पण एका मोटारीला लागणारी सलग जागा कुठेच नाही, आणि मोटार काठावरच राहते. खलाशी स्कूटरी सरकवून जागा करून देतो, तसं कर्नलही कॉम्पॅक्शन करून पानं हलवून बघतो. पण कर्नलने स्वतःसाठी घेतलेली बहुतेक पानं हलत नाहीत. त्या स्कूटरींना जणू साखळी लावलेली असते.

ही स्थिती चालू यंत्रावर केव्हाही बघता येते. प्रॉक खालची ‘बडीइन्फो’ फाइल वाचा. प्रत्येक झोनपुढे ११ आकडे दिसतील, ऑर्डर ० पासून ऑर्डर १० पर्यंतचे मोकळे तुकडे. यंत्र सुरू केल्याबरोबर एकदा नोंदवून ठेवा, चार दिवसांनी पुन्हा बघा, आणि उजवीकडचे रकाने शून्याकडे जाताना दिसले तर पुढची पेटी केव्हा गप्प होईल याचा अंदाज बांधता येतो.

लहान मागण्या, म्हणजे साधारण ८ केबीपर्यंतच्या, केमॅलॉक ‘स्लब’ या लहान तुकड्यांच्या अ‍ॅलोकेटरच्या तयार डब्यांतून देतो. तिथे नकार मिळाला तर स्लबचा वेगळा संदेश येतो: कोणता कॅशे, वस्तूचा आकार किती, एका डब्याची ऑर्डर किती. पूर्वी स्लॉब आणि स्लॅब असे आणखी दोन अ‍ॅलोकेटर होते. स्लॉब ६.४ मध्ये गेला आणि स्लॅब ६.८ मध्ये, २०२४ साली. म्हणून जुन्या लेखांतली त्यांच्याबद्दलची वर्णनं आजच्या कर्नलला लावू नका.

पायरी ३: ओळ लिहायचीच का, हे ठरवा

इतकं सगळं कर्नल स्वतः छापत असेल, तर केमॅलॉकच्या प्रत्येक नकारानंतर तुम्ही ‘मेमरी संपली’ असं छापून काय साधणार? काहीच नाही. कर्नलच्या कोडिंग स्टाइलच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे: ही सर्वसाधारण अ‍ॅलोकेशन फंक्शनं अपयशी झाली की स्वतःच स्टॅक छापतात, तेव्हा वेगळा संदेश निरर्थक आहे. ‘चेकपॅच’ ही स्क्रिप्टही अशी ओळ दिसली की अनावश्यक संदेश म्हणून बोट दाखवते.

याला एक अपवाद आहे, आणि आमची पेटी नेमकी त्यातच अडकली होती. मागणीत __जीएफपी_नोवॉर्न हा झेंडा, म्हणजे फ्लॅग, असेल तर कर्नल काहीही छापत नाही. आमच्या ड्रायव्हरमध्ये तो कुणीतरी लॉग शांत राहावा म्हणून लावला होता. म्हणजे सगळं जाणणाऱ्याचं तोंड बांधलं आणि काहीच न जाणणाऱ्या एका ओळीला बोलायला ठेवलं. तुमच्या ड्रायव्हरमध्ये हा झेंडा असेल तर पहिला प्रश्न असा: तो इथे का आहे? तो लावण्याचं एकच योग्य कारण मला माहीत आहे, मागणी फसली तरी पुढे जायला दुसरी वाट तयार असणं. केव्हीमॅलॉक तेच करतो: आधी सलग पानं मागून बघतो, तेव्हा गप्प राहतो, आणि नाही मिळाली तर सलग पानांचा आग्रह नसलेल्या व्हीमॅलॉककडे वळतो.

स्वतःची ओळ लिहावी अशा जागा मोजक्याच आहेत. नोवॉर्न लावला आहे आणि दुसरी वाटही फसली. मागणीचा आकार बाहेरून, वापरकर्त्याकडून किंवा उपकरणाने सांगितलेल्या आकड्यातून आला. मागणी फसली पण ड्रायव्हर अर्ध्या ताकदीने चालू राहिला, आणि हे वापरणाऱ्याला कळायला हवं. किंवा एकाच लूपमध्ये आठ चॅनलसाठी आठ बफर घेतले आणि कितव्यावर अडलं हे स्टॅकवरून कळणार नाही. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे: कर्नलला जे ठाऊक नाही ते तुमच्या कोडला ठाऊक आहे. तेवढंच छापा. जिथे असं काही नाही तिथे उणे एनोमेम, म्हणजे उणे १२, परत करा आणि गप्प बसा.

पायरी ४: ओळ लिहिणं

माझी भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. शनिवारी डिचोलीहून बसने येते आणि आम्ही दोघी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसतो. मी तिला त्या ड्रायव्हरची छोटी प्रतिकृती लिहायला दिली होती. तिची पहिली ओळ होती, ‘बफर अ‍ॅलोकेशन फेल्ड.’

‘कोणता बफर?’ मी विचारलं.

‘एकच तर आहे गे मावशी.’

‘आज एक आहे. चॅनल किती?’

‘चार.’

‘मग कितवा? आणि किती बाइट मागितले होतेस?’

तिने कोडकडे बघितलं. तिथे आकार असा काढला होता: नमुन्यांची संख्या गुणिले नमुन्याचा आकार, अधिक हेडर. ‘एकशे अठ्ठावीस केबी आणि थोडे वर,’ ती म्हणाली. मी तिला ते ‘थोडे वर’ छापायला लावलं. आकडा आला १३१०९६. एकशे अठ्ठावीस केबी म्हणजे १३१०७२ बाइट, म्हणजे हेडरचे २४ बाइट जास्त. ८ केबीच्या वरच्या मागणीला केमॅलॉक पुढच्या पूर्ण ऑर्डरपर्यंत वर नेतो. १३१०७२ बाइट ऑर्डर ५ मध्ये बरोबर बसले असते, पण २४ बाइटांनी मागणी ऑर्डर ६ वर गेली आणि २५६ केबीचा सलग तुकडा शोधावा लागला. जेटीवरच्या पेटीतलं दुखणं हेच होतं. कर्नलच्या अहवालात फक्त ‘ऑर्डर:६’ दिसतं. २४ बाइटांची गोष्ट फक्त ड्रायव्हरच सांगू शकतो.

तिची शेवटची ओळ मराठीत सांगायची तर अशी झाली:

जेटी_मापक १-००४८: चॅनल ३: नमुना बफर १३१०९६ बाइट मिळाला नाही, मोड जीएफपी_कर्नल, चॅनल बंद

प्रत्यक्षात कर्नलचे संदेश इंग्रजीतच लिहायचे. जगाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या माणसाला ती ओळ शोधता यायला हवी. आता ही ओळ कशी बनते ते बघू.

सुरुवातीचं ‘जेटी_मापक १-००४८’ आपण लिहिलेलं नाही. पीआर_एरऐवजी डेव्ह_एर वापरलं की ड्रायव्हरचं आणि उपकरणाचं नाव आपोआप पुढे लागतं. एकाच यंत्रावर तीन सेन्सर असतील तर हेच सगळ्यात उपयोगी पडतं. उपकरणच नसेल, निव्वळ मॉड्यूल असेल, तर फाइलच्या अगदी वर, सगळ्या इन्क्लूडच्या आधी पीआर_एफएमटी हा मॅक्रो लिहा आणि त्यात मॉड्यूलचं नाव द्या.

बाइटांसाठी टक्का-झेड-यू, कारण आकार साइझ_टी प्रकाराचा असतो. टक्का-डी लिहिलात तर ६४ बिटांच्या यंत्रावर कंपायलर कुरकुर करेल, आणि तो बरोबर असेल.

मोडसाठी एक खास सोय आहे: टक्का-पी-मोठा जी-छोटा जी. हा फॉरमॅट झेंड्यांचा आकडा न छापता त्यांची नावं छापतो. त्याला झेंड्यांची किंमत देऊ नका, झेंडे ठेवलेल्या चलाचा पत्ता द्या. भाचीने पहिल्यांदा थेट किंमत दिली आणि ओळीत झेंड्यांची नावं आलीच नाहीत. म्हणून झेंडे आधी जीएफपी_टी प्रकारच्या एका चलात ठेवा, तेच चल केमॅलॉकला द्या आणि त्याचाच पत्ता छापायला द्या. यामुळे छापलेले झेंडे आणि वापरलेले झेंडे वेगळे पडण्याची भीतीही जाते.

‘चॅनल बंद’ हे शेवटचे दोन शब्द मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. काय फसलं एवढंच सांगू नका, त्यामुळे पुढे काय झालं तेही सांगा. रात्री दोन वाजता लॉग वाचणाऱ्याला हेच हवं असतं.

पातळी कोणती? काम थांबलं तर एर. दुसऱ्या वाटेने निभावलं तर वॉर्न. नुसता तपशील असेल तर डेव्ह_डीबीजी, त्याबद्दल पुढे येतंच.

तीन गोष्टी मात्र करू नका. छापण्यासाठी नवी मेमरी मागू नका. केएस्प्रिंटएफने स्ट्रिंग बनवून मग छापणारा कोड मी पाहिला आहे. मेमरी नाही म्हणून तर आपण इथे आलो, आणि तिथेच पुन्हा मागणी. प्रिंटकेचा बफर आधीच राखलेला असतो, त्याला थेट फॉरमॅट द्या. दुसरं, पॉइंटर छापू नका. ४.१५ पासून साधा टक्का-पी खरा पत्ता न देता त्याचा हॅश देतो, त्यामुळे त्यातून काही कळत नाही, आणि पत्ता बाहेर जाऊही नये. तिसरं, संदेशाची स्ट्रिंग ८० अक्षरांत बसवायला मधेच तोडू नका. ओळ लांब झाली तर होऊ द्या. कुणी लॉगमधला तुकडा ग्रेपने शोधेल तेव्हा तो अखंड सापडला पाहिजे.

आणि ओळ साफसफाईच्या गोटूच्या आधी लिहा. आधी सगळं मोकळं करून मग चॅनलचा क्रमांक छापायला गेलात, तर तो क्रमांक ठेवणारी रचनाच फ्री झालेली असू शकते.

पायरी ५: मुद्दाम नकार मिळवा

न चाललेली ओळ ही लिहिलेली ओळ नव्हे. मेमरी खरोखर संपण्याची वाट बघत बसलात तर महिने जातील, आणि लहान मागण्यांच्या बाबतीत तर ती वेळ येणारच नाही. जीएफपी_कर्नलने केलेली ऑर्डर ३ पर्यंतची मागणी कर्नल सहसा फेटाळत नाही. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि अगदीच भागलं नाही तर ओओएम किलर एखाद्या प्रोसेसचा बळी घेतो. एनयूएलएल तपासणं तरीही सोडायचं नाही.

यासाठीच फॉल्ट इंजेक्शन आहे. डीबग एफएसमध्ये ‘फेलस्लॅब’ आणि ‘फेल_पेज_अ‍ॅलॉक’ अशा दोन डिरेक्टऱ्या दिसतील. आपला बफर ८ केबीच्या वरचा आहे, तो स्लबच्या डब्यातून न येता थेट पेज अ‍ॅलोकेटरकडून येतो, म्हणून फेलस्लॅबचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. इथे भाचीचा एक तास गेला, तुमचा जाऊ नये. फेल_पेज_अ‍ॅलॉकमध्ये जा आणि हे लिहा.

‘प्रोबॅबिलिटी’मध्ये १००. ‘इंटरव्हल’मध्ये १. ‘टाइम्स’मध्ये उणे १, म्हणजे कितीही वेळा. ‘मिन-ऑर्डर’मध्ये ६, म्हणजे लहान मागण्या सुखरूप राहतील. आता सगळ्यात फसवी फाइल: ‘इग्नोर-जीएफपी-वेट’. ती मुळात ‘वाय’ असते, म्हणजे थांबू शकणाऱ्या मागण्यांना हात लावायचा नाही. आपली मागणी जीएफपी_कर्नलची आहे, म्हणजे थांबू शकणारी. तिथे ‘एन’ लिहिल्याशिवाय काहीही फसणार नाही, आणि तुम्हाला वाटेल की आपला कोड भक्कम आहे.

शेवटी ‘टास्क-फिल्टर’मध्ये ‘वाय’ लिहा. आता नकार फक्त त्याच प्रोसेसना मिळेल ज्यांच्या प्रॉकमधल्या ‘मेक-इट-फेल’ फाइलीत १ लिहिलेला आहे. सोपी रीत अशी: एक नवा शेल उघडायचा, त्याने स्वतःच्या ‘मेक-इट-फेल’मध्ये १ लिहायचा आणि लगेच एक्झेकने तुमचा चाचणी प्रोग्राम व्हायचं. बाकीचं यंत्र निर्धास्त राहतं.

दुसऱ्या खिडकीत ‘डीमेसेज’ डब्ल्यू पर्यायासह उघडं ठेवा. चाचणी चालवली की आधी फॉल्ट इंजेक्शनची स्वतःची ओळ येईल, ‘फोर्सिंग अ फेल्युअर’, तिच्याखाली स्टॅक, आणि मग तुमची. त्या शनिवारी ती ओळ उमटली तेव्हा भाची खुर्चीवरून उठून उभीच राहिली. ‘मावशी, चॅनल तीन! बाइटपण बरोबर!’

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. या खोट्या नकारात वॉर्न_अ‍ॅलॉकचा तो मोठा अहवाल येत नाही, कारण मागणी त्या वाटेपर्यंत पोचतच नाही. म्हणून ‘कर्नल तर काहीच सांगत नाही, आपणच सगळं छापूया’ असा निष्कर्ष काढू नका. खऱ्या नकारात तो अहवाल येतो.

एक वाट तपासून झाली. पण तुमच्या ओपनमध्ये चार मागण्या असतील तर नकाराच्या वाटाही चार, आणि प्रत्येकीची साफसफाई वेगळी. त्यासाठी ‘फेल-एनथ’ ही फाइल आहे, प्रत्येक थ्रेडची वेगळी. त्यात थ्रेडने स्वतः १ लिहायचा आणि ओपन बोलवायचं: पहिली मागणी फसेल. मग २, मग ३. ओपन झाल्यावर तीच फाइल वाचली आणि ० मिळालं तर नकार बसला. शून्याहून मोठा आकडा आला तर तितक्या मागण्या झाल्याच नाहीत, म्हणजे तुम्ही टोकापर्यंत पोचलात. फेलस्लॅबच्या डिरेक्टरीतही ‘इग्नोर-जीएफपी-वेट’ला ‘एन’ करायला विसरू नका, आणि मिन-ऑर्डरही पुन्हा खाली आणा. ओपनच्या वाटेत फाइलची रचना वगैरे कर्नलच्या स्वतःच्या मागण्याही होतात, तेव्हा मोजणीतली पहिली मागणी तुमचीच असेल असं नाही. कोणाची आहे ते स्टॅक सांगेल.

असं एकेक करत जाताना भाचीच्या मॉड्यूलमधली चौथी मागणी फसली. नावाची स्ट्रिंग, बारा-पंधरा बाइटांची. ओळ नीट छापली, उणे एनोमेम परत गेलं. मग तिने केमेमलीकला दोनदा स्कॅन करायला लावलं, आणि आमचा १३१०९६ बाइटांचा बफर बेवारस म्हणून पुढे आला. गोटू एका लेबलाने चुकला होता: टेबलासाठी घेतलेली मेमरी मोकळी होत होती, बफर राहून जात होता. जेटीवरच्या ड्रायव्हरमध्ये मी त्याच रात्री ती जागा तपासली. तिथेही तीच चूक होती.

पायरी ६: गोंगाट आवरा

मेमरी अडचणीत असते तेव्हा नकार एकटादुकटा येत नाही. इंटरप्टमध्ये सेकंदाला हजार वेळा मागणी होत असेल तर हजार ओळी पडतील. ११५२०० बॉडच्या सीरियल कन्सोलवर सेकंदाला साधारण ११५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांच्या एका ओळीला ७ मिलिसेकंद. साठ ओळींच्या अहवालाला जवळपास अर्धा सेकंद, आणि तेवढा वेळ छोट्या पेटीचा प्रोसेसर दुसरं काही करत नाही.

म्हणून वारंवार चालणाऱ्या वाटेवर ‘_रेटलिमिटेड’ शेपटीची आवृत्ती वापरा. नेहमीच्या मर्यादेत ५ सेकंदांत १० ओळी जातात, उरलेल्या मोजल्या जातात आणि किती दाबल्या ते नंतर छापलं जातं. वॉर्न_अ‍ॅलॉक स्वतः याहून कडक आहे, १० सेकंदांत एकच अहवाल. म्हणून लॉगमध्ये एकच अहवाल दिसला म्हणजे नकार एकदाच मिळाला असं समजू नका. नेमका आकडा हवा असेल तर ड्रायव्हरमध्ये एक साधा काउंटर ठेवा आणि तो डीबग एफएसमधून वाचता येऊ द्या. छापण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

बारीकसारीक तपशील डेव्ह_डीबीजीने लिहा. डायनॅमिक डीबगमुळे त्या ओळी एरवी झोपलेल्या असतात आणि चालू यंत्रावर जाग्या करता येतात. डीबग एफएसच्या ‘डायनॅमिक_डीबग’मधल्या ‘कंट्रोल’ फाइलीत ‘मॉड्यूल’, तुमच्या मॉड्यूलचं नाव आणि ‘अधिक पी’ लिहा. काम झालं की ‘उणे पी’. यंत्र सुरू होतानाच हवं असेल तर बूटच्या ओळीत मॉड्यूलचं नाव, टिंब, ‘डायनडीबीजी’ आणि बरोबरच्या चिन्हापुढे तेच. जेटीवरच्या पेटीसाठी ही सोय मोलाची ठरली. नवा कर्नल न टाकता फोंड्यात बसून पाहिजे तेव्हा तपशील बघता आला.

कोडला हातच लावायचा नसेल तर ट्रेसिंग आहे. ‘केमेम’ गटातला ‘एमएम_पेज_अ‍ॅलॉक’ हा इव्हेंट चालू करा आणि ऑर्डर ३ पेक्षा मोठी असा फिल्टर लावा. मोठे तुकडे कोण मागतंय याची यादी हळूहळू जमत जाते. माणसं हे फार उशिरा वापरतात.

पायरी ७: पॅच

ओळ आणि तिचं कारण वेगवेगळ्या पॅचमध्ये ठेवा. भाचीने तीन केले: नोवॉर्न काढणारा, गोटू दुरुस्त करणारा आणि डेव्ह_एर घालणारा. तिसऱ्याच्या वर्णनात तिने आधी फक्त ‘डीबग संदेश घातला’ असं लिहिलं होतं. मी तिला कर्नलच्या अहवालाची पहिली ओळ आणि तिची ओळ एकाखाली एक चिकटवायला सांगितली. ऑर्डर:६ आणि त्याखाली १३१०९६ बाइट. वाचणाऱ्याला कारण तिथेच दिसतं, वेगळं समजवावं लागत नाही. पाठवण्याआधी चेकपॅच चालवा. अनावश्यक संदेशाचा इशारा आला तर पायरी ३ पुन्हा वाचा आणि तुमच्या ओळीत कर्नलला ठाऊक नसलेलं काय आहे ते वर्णनात लिहा. असं काही सापडलं नाही तर ओळ काढून टाका.

जेटीच्या ड्रायव्हरमध्ये आम्ही २४ बाइटांचं हेडर बफरमधून वेगळं काढलं आणि बफर प्रत्येक ओपनला न घेता प्रोबच्या वेळी, म्हणजे ड्रायव्हर उपकरणाला जोडला जातो तेव्हा, एकदाच घ्यायला लागलो, यंत्र नुकतं सुरू झालेलं असतं आणि बोट अजून रिकामी असते तेव्हा. डेव्ह_एरची ओळ अजून तिथेच आहे.